वाचकांचे प्रश्न: पार्ट नंतर बदला, आधी बिघाड शोधा

या वेळी पत्रांचा मोठा गठ्ठा जुन्या ब्रिटिश टू-सीटर गाड्यांचा आहे, एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर जास्त, एखाददुसरी ऑस्टिन-हीली स्प्राइट. सगळे जण घरच्या गॅरेजमध्ये स्वतः काम करणारे, त्यामुळे उत्तरं द्यायला मजा आली. पण वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती, बहुतेकांनी पार्ट आधी बदललेत आणि गाडीला नेमकं झालंय काय हे नंतर विचारलंय. या गाड्या मुद्दाम सोप्या बनवलेल्या आहेत, कुठे काय अडलंय ते त्या सांगतात, फक्त आपण पाना उचलायच्या आधी पाच मिनिटं बघायला आणि ऐकायला हवं.

प्रश्न: माझी १९७१ ची एमजीबी रोडस्टर (बिनछताची) आहे, दोन एसयू कंपनीच्या कार्बोरेटरवाली. थंड असताना झकास पळते पण अर्धा तास झाला की मिसिंग करायला लागते आणि मग बंदच पडते. वीस मिनिटं थांबलं की परत चालू. मेकॅनिक म्हणाला कार्बोरेटर गेलेत, म्हणून दोन्हीचे जेट, नीडल, गॅस्केट नवीन टाकले, काडीचा फरक नाही. आता नवीन कार्बोरेटरच घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. एसयू कार्बोरेटर असा अर्ध्या तासाने आजारी पडून वीस मिनिटांत बरा होत नाही हो, त्यात तापून बिघडण्यासारखं फार काही नाहीच. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू हे लक्षण जास्त करून करंटचं असतं, कधी कधी पेट्रोल न पोचण्याचं. तेव्हा पहिलं काम एकच, दोनापैकी काय जातंय ते ठरवायचं, स्पार्क की पेट्रोल.

तुमच्या गाडीत याची सोय डॅशबोर्डवरच आहे. या मॉडेलचा रेव्ह काउंटर इग्निशनच्या सर्किटवर चालतो. गाडी गिअरमध्ये पळत असताना बंद पडायला लागली की शेजारी बसलेल्या माणसाला त्या काट्याकडे बघायला सांगा. चाकं इंजिनला फिरवतायत आणि तरी काटा एकदम उड्या मारतोय किंवा धपकन शून्यावर आला, तर कॉइलकडे जाणारा करंट तुटतोय. काटा इंजिनसोबत हळूहळू खाली आला तर पेट्रोलकडे बघा. नुसती ही एक टेस्ट केली असती तर तुमचे जेटचे पैसे वाचले असते.

काटा शून्यावर आला असं धरून चालू. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. आत पॉइंट (स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बसवलेली जी प्लेट आहे ती व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर स्पार्कचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेमुळे, थोडी पुढेमागे फिरत असते आणि तिच्याबरोबर दोन छोट्या वायरी हलतात, एक बाहेरून पॉइंटला येणारी आणि एक प्लेटला अर्थ देणारी, कापडी वेष्टणाची. वर्षानुवर्षं हलून हलून या वायरी आतल्या आत तुटतात आणि वरून कव्हर मात्र अगदी धडधाकट दिसतं. बोटाने हलकेच ओढून बघा, कव्हर रबरासारखं ताणलं गेलं तर आतली तार तुटलीय. थंड असताना टोकं चिकटून राहतात, गरम झाल्यावर सुटतात, हुबेहूब तुमचंच लक्षण.

मग कंडेन्सर. जेमतेम ०.२ मायक्रोफॅरडचा हा पार्ट, पण गरम झाल्यावर दगा देण्यात याचा नंबर पहिला, आणि नवीन आहे म्हणून चांगला असेल असं समजू नका, हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरमध्ये लवकर जाणारे बरेच असतात. कंडेन्सर गेला की पॉइंट उघडताना मोठी पिवळी ठिणगी दिसते आणि पॉइंट लवकर जळतात. रोटरही बघा, ज्याच्या पितळी पट्टीला मधून रिव्हेट मारलेला असतो त्यातून स्पार्क कधी कधी खाली शाफ्टमध्ये उतरतो, म्हणून शक्यतो बिनरिव्हेटचा वापरा. पॉइंटची गॅप फिलर गेजने ०.०१५ इंच ठेवा. शेवटी कॉइल, बंद पडल्या पडल्या तिला हात लावा (जपून), बोट टेकवत नसेल इतकी तापली असेल तर दुसरी चांगली कॉइल लावून चालवून बघा. पण हे सगळं एकाच दिवशी एकदम बदलू नका. एक बदलायचं, चालवायचं, मग दुसरं. सगळं एकदम बदललं तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही आणि जुने चांगले पार्टही कचऱ्यात जातात.

काटा हळूहळू उतरला तर आधी टाकीचं झाकण उघडून बघा. उघडताना सुस्स आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर टाकीला हवा मिळत नाहीये, पेट्रोल खेचताना आत व्हॅक्यूम होतोय. नाहीतर पंप. एसयूचा इलेक्ट्रिक पंप गाडीच्या मागच्या बाजूला बॅटरीच्या जवळ असतो, चावी फिरवली की टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. गाडी बंद पडल्यावर तो अगदी गप्प असेल तर त्याचे पॉइंट किंवा अर्थिंग, आणि एकसारखा टकटकत राहिला तर पेट्रोल येत नाहीये किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. पेट्रोलची लाइन उघडून धार बघायची असेल तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर, मोकळ्या हवेत, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवूनच.

आता तुम्ही जेट बदललेच आहेत तर दोन्ही कार्बोरेटर नीट सेट करून टाका, नाहीतर हा बिघाड गेल्यावर दुसरीच तक्रार घेऊन बसाल. इंजिन गरम करा. वरच्या काळ्या टोप्या काढून आतल्या पोकळ दांडीत तेल बघा, दांडीच्या टोकापेक्षा साधारण अर्धा इंच वर हवं, २० ग्रेडचं पातळ तेल चालतं. हे तेल कशाला, तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टन झटकन वर उडू नये म्हणून, तो सावकाश वर गेला की तेवढा वेळ मिक्स्चर जरा रिच (पेट्रोल जास्त) राहतं आणि गाडी उचल घेते. तेल नसेल तर पाय दाबताच गाडी अडखळते आणि लोक नीडल बदलत बसतात!

एअर फिल्टर काढा, जेटच्या खालचा षटकोनी नट वर फिरवत न्या म्हणजे जेट कार्बोरेटरच्या तोंडातल्या उंचवट्याच्या (ब्रिजच्या) पातळीत येईल, तिथून पूर्ण दोन फेरे खाली. ही सुरुवात झाली. मग दोन्हींची हवा सारखी करायची, रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून आवाज ऐका, दोन्हीकडे फुसफुस सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवा. मग मिक्स्चर. बाजूची छोटी पिन बोटाने दाबून पिस्टन अगदी थोडा, मिलिमीटरपेक्षाही कमी उचला. इंजिनचा स्पीड क्षणभर वाढून परत बसला तर बरोबर, वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, पडला किंवा बंदच झालं तर लीन (पेट्रोल कमी). नट एकावेळी एकच कड फिरवा, वर नेला की लीन, खाली आणला की रिच. आणि एक महत्त्वाचं, टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग हे सगळं व्यवस्थित झाल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावायचा नाही, हा क्रम उलटा केला की दिवसभर तेच तेच करत बसावं लागतं.

प्रश्न: स्पिटफायरच्या पुढच्या सस्पेन्शनमधल्या ट्रनियनला ग्रीस भरायचं की तेल? दोन जणांनी दोन सल्ले दिलेत.

उत्तर: तेल. गिअरचं ईपी ९० तेल. यावर मी ठाम आहे आणि ट्रायम्फच्या मूळ सूचनाही तेलाच्याच आहेत.

कारण असं की स्पिटफायरला पुढे खालच्या बाजूला बॉल जॉइंट नाही. स्टीलच्या उभ्या लिंकचं आटे पाडलेलं टोक पितळी ट्रनियनमध्ये फिरतं, म्हणजे स्टिअरिंग वळवलं की ते आटेच एकमेकांवर फिरतात, आणि गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार त्यातूनच जातो. ग्रीस वरच्या वर राहतं, आट्यांच्या तळापर्यंत पोचतच नाही, काही दिवसांनी सुकून घट्ट होतं आणि मागून नवीन काही आत जाऊ देत नाही. त्या कोरड्या जागेत पाणी शिरतं, स्टील गंजतं आणि एक दिवस लिंक आट्यातच तुटते. चाक आत दुमडून गाडी त्या कोपऱ्यावर बसते. बहुतेक वेळा हे हळू वळताना, स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं असताना होतं हे नशीब, पण वेगात झालं तर काय होईल त्याचा विचारही नको.

करायचं एवढंच, ट्रनियनचा छोटा बोल्ट काढून तिथे निपल लावायचा, एक ग्रीस गन फक्त तेलासाठी वेगळी ठेवायची, आणि वरच्या बाजूने ताजं तेल बाहेर येईपर्यंत पंप करायचं. वर्षातून दोनदा करा, चार पैशाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी खाली तेलाचं थारोळं दिसलं तर ट्रनियनच्या बुडाची चकती गळतेय, म्हणजे तेल आत थांबतच नाहीये, ते ट्रनियन बदला. आधीच्या मालकाने ग्रीस भरलेलं असेल तर सरळ सगळं खोलून लिंकचे आटे स्वच्छ करून भिंगाने बघा, खड्डे पडलेले असतील किंवा आट्याच्या सुरुवातीला बारीक चीर दिसली तर ती लिंक परत बसवू नका. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, अदलाबदल होऊ देऊ नका.

एमजीबीवाल्यांनी हे वाचून आपल्या गाडीत तेल भरू नये! तिथे किंगपिन आहे, त्याला दोन्ही बाजूंना तीन तीन निपल आहेत आणि तिथे ग्रीसच लागतं, फक्त चाक जॅकवर उचलून भार काढून भरा म्हणजे ते सगळीकडे पोचतं.

प्रश्न: १३ चा पाना १/२ इंचाच्या नटावर बसतो की, मग इंची पाने वेगळे का घ्यायचे?

उत्तर: १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ०.३ मिलिमीटरचा ढिलेपणा सैल नटावर चालून जातो, गंजलेल्या नटावर कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी आणि गॅस कटरची वेळ येते. ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ एवढे चांगल्या प्रतीचे रिंग पाने घेतलेत तरी या गाड्यांचं बरंचसं काम होतं. फार जुन्या गाडीवर, म्हणजे एमजी टीसी वगैरे, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे वेगळे पाने लागतात आणि तिथे या दोन्हीतलं काहीच नीट बसत नाही.

प्रश्न: एमजीबीचे दोन्ही सिल (दारांखालचे लांब पत्रे) गंजलेत. वरून नवीन पत्रा वेल्ड करून बफ करून टाकावा असा विचार आहे. वेल्डिंग मशीन घरी आहे आणि हात बऱ्यापैकी बसलाय.

उत्तर: हात बसलाय हे चांगलं, पण वरून पत्रा नको. एमजीबीला वेगळी चासी नाही, आणि रोडस्टरला छतही नाही. पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवायचं काम मुख्यतः सिल करतात. आणि सिल म्हणजे बाहेर दिसतो तो एक पत्रा नव्हे, बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा, आतला सिल आणि खालची कॅसल रेल असे थर आहेत. बाहेरून भोक दिसायला लागलं म्हणजे गंज आतून सुरू होऊन बाहेर आलाय. त्यावर नवीन पत्रा लावला तर आतलं सडणं चालूच राहतं, दिसायचं फक्त बंद होतं, आणि गाडी विकताना पुढच्या माणसाच्या गळ्यात मारली जाते. हे मला अजिबात पटत नाही.

आधी एक तपासणी करा. दार बंद करून दाराच्या मागच्या फटीकडे बघत सिलच्या जॅकिंग पॉइंटवर जॅक लावून हळू उचला. फट बदलायला लागली किंवा दार अडकलं, तर सिलमध्ये दम राहिलेला नाही. अशा वेळी जॅक पत्र्यात घुसूही शकतो, कर्रकर्र आवाज आला की लगेच थांबा आणि खाली अजिबात जाऊ नका.

काम करायचंच तर दाराच्या चौकटीत, पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मागच्या लॉकच्या खांबापर्यंत, लोखंडी पाइपचा आडवा आणि तिरका आधार वेल्ड करा किंवा बोल्टने आवळा. गाडी सपाट जमिनीवर, लेव्हलमध्ये. एका वेळी एकच बाजू कापा, दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधून खचते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. नवीन पत्रा आधी क्लॅम्पने बसवून दार लावून बघा, काढा, परत लावून बघा. फट बरोबर आली की मगच टाके. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढायच्या, पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवायची, नुसती रिकामी टाकी जास्त धोकादायक कारण आत वाफ असते. खालचं काळं अंडरसील वेल्डिंगने पेट घेतं म्हणून आधी खरवडून काढा. आणि शेवटी आत कॅव्हिटी वॅक्स मारायला विसरू नका, पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवा. पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या मागे जो चिखल साठून राहतो तिथूनच हा सगळा गंज सुरू होतो, तो दरवर्षी काढत जा.

गंज सिलच्या पलीकडे फ्लोअर, स्प्रिंगचे हॅंगर असा पसरला असेल तर तुकडे जोडण्यापेक्षा नवीन बॉडीशेलचा हिशोब करून बघा, ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीचे नवीन शेल १९८८ पासून बनवलेत.

प्रश्न: हेडलाइट मिणमिणते लागतात. नवीन बल्ब आणि नवीन बॅटरी टाकून झाली. या गाड्यांतली लुकास कंपनीची वायरिंग मुळातच खराब म्हणतात ते खरं का?

उत्तर: खरं नाही, पन्नास वर्षं पाणी आणि धूळ खाल्लेलं कुठलंही जोड असंच वागेल. तुमचा त्रास बहुतेक अर्थिंगमध्ये किंवा बुलेट कनेक्टरमध्ये (वायरीच्या टोकाची गोळी नळीत खुपसायचा जोड) आहे. बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग लाइट चालू ठेवून थेट हेडलाइटच्या कनेक्टरवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधे कुठे तरी करंट खाल्ला जातोय. मग एक एक जोड पुढे सरकत मोजत जा, सापडतोच. काळ्या रबरी नळ्यांमधले बुलेट ओढून काढा, हिरवट पावडर असेल तर घासून स्वच्छ करा, सैल झालेल्या नळ्या बदला. काळ्या वायरी म्हणजे अर्थ, त्या जिथे बॉडीला बोल्ट केल्यात तिथला रंग खरवडून लख्ख पत्रा येऊ द्या.

रंग लक्षात ठेवले की निम्मं काम सोपं होतं: तपकिरी कायम चालू आणि बिनफ्यूजची, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, पांढरी चावीवर, हिरवी चावीवर आणि फ्यूजमधून, निळी हेडलाइट, लाल साइड आणि टेललाइट. तपकिरीशी खेळताना बॅटरी काढलेलीच हवी. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं तो वितळायचा आकडा आहे, सतत १७ अँपिअरच चालतात. तिथे आधुनिक ३५ चा फ्यूज टाकला तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. सगळं स्वच्छ करूनही उजेड कमी वाटला तर हेडलाइटला रिले लावा, कारण मूळ रचनेत सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो.

गाडी १९६७ च्या आधीची असेल तर काही जोडायच्या आधी पॉझिटिव्ह अर्थ आहे का ते बघाच.

प्रश्न: तारांच्या चाकातून गाडी पुढे-मागे घेताना टिक असा आवाज येतो.

उत्तर: स्प्लाइन, म्हणजे चाक आणि हब एकमेकांत अडकवणारे दाते, झिजलेत. चाक काढून हबचे दाते बघा, टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचं, एकच बदललं तर नवंही लवकर खराब होतं. बदलताना हब बाजू चुकवून लावू नका, डाव्या बाजूला सरळ आटे आणि उजव्या बाजूला उलटे असतात, अदलाबदल झाली तर चाक चालता चालता सुटू शकतं. हे दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

प्रश्न: हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने आणि नवीन सिंथेटिक ऑइलने जुन्या इंजिनचं नुकसान होतं का?

उत्तर: पेट्रोलने होतं, पण ज्याची लोक काळजी करतात तिथे नाही. पहिला धोका रबरी पाइपचा. जुनं रबर इथेनॉलने मऊ पडतं, चिरतं आणि गरम एक्झॉस्टच्या वर गळतं. पाइपवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून सगळे बदला, टाकीजवळचा छोटा तुकडासुद्धा. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल तसंच ठेवू नका. शिसं नसलेल्या पेट्रोलने एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते हे खरं आहे पण ते हळूहळू होतं, आणि कळतं कसं, तर टॅपेटची गॅप आपोआप कमी होत जाते. एमजीबीची गॅप थंड असताना ०.०१५ इंच ठेवा आणि दर वेळी किती सापडली ते वहीत लिहा. सारखी कमीच होत गेली तर हेड काढून कडक सीट बसवा, उगाच आधीच हेड काढायची गरज नाही.

ऑइल २०डब्ल्यू-५०, क्लासिक गाड्यांसाठी बनवलेलं, ज्यात झिंक पुरेसं आहे. या इंजिनमध्ये कॅमवर टॅपेट घासत चालतात, तिथला थर झिंकमुळेच टिकतो.

प्रश्न: वर्षभर उभ्या असलेल्या एमजीबीचं पुढचं एक चाक ब्रेक सोडल्यावरही धरून बसतं. कॅलिपर बदलायला सांगितलंय.

उत्तर: आधी तपासा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. ब्रेक दाबून सोडा, चाक अडकलं की कॅलिपरचा हवा काढायचा निपल किंचित उघडा. तरीही चाक सुटलं नाही तर कॅलिपरचे पिस्टन जाम झालेत, सांगणाऱ्याचं बरोबर. प्रेशर जाऊन चाक सुटलं तर कॅलिपर ठीक आहे, मग निपल बंद करून परत ब्रेक दाबा आणि या वेळी मास्टर सिलिंडरकडचा पाइप थोडा सैल करा. तिथे सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा पेडलला मोकळेपणा नसल्याचा. तिथे नाही पण निपलवर सुटतं, तर रबरी नळी आतून फुगलीय. पायाच्या जोराने तेल पुढे जातं पण परत यायला वाट राहत नाही. एकच चाक धरतंय म्हणजे माझा संशय नळीवरच आहे.

सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग उतरवतं. मागचे ड्रम उघडलेत तर धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. नवीन डॉट ४ ब्रेक ऑइल भरताना सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढत या, आणि आधी कोणी सिलिकॉनचं डॉट ५ भरलेलं असेल तर त्यात हे मिसळू नका. पुढे दर दोन वर्षांनी तेल बदला, कारण ते हवेतलं पाणी ओढतं आणि आतून गंज तिथूनच येतो. नळी बदलली तर दुसऱ्या बाजूची आणि मागचीही त्याच वेळी बदला, त्याही तेवढ्याच जुन्या आहेत.